पूर्वपक्ष कोणी मांडायचा?

४ सप्टेंबर १८६३. पावसाळ्याचे दिवस. नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून एक स्कॉटिश पाद्री घोड्यावरून छावणीकडे परतत होता. वाटेतला नाला भरून वाहत होता, आणि त्या पाण्यातच त्याचा अंत झाला. स्टीफन हिस्लॉप यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. नागपूरकर त्यांना कॉलेजच्या नावामुळे ओळखतात, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी ‘हिस्लोपाइट’ नावाच्या हिरवट खनिजामुळे. पण ते इथे कॉलेज काढायला आले नव्हते आणि दगड गोळा करायलाही नाही. ते आले होते लोकांना ख्रिस्ती करायला. त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने या मूळ कामाबद्दलच बोलावे असे आम्ही ठरवले आहे, कारण हल्ली हा विषय निघाला की माणसे एक तर आवाज चढवतात, नाही तर उठून जातात.

आपल्या एकोडी गावचा वाचक विचारेल, त्या साहेबाचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो कचारगडावरून येतो. सालेकसा तालुक्यातले कचारगड आज गोंदिया जिल्ह्यात असले तरी १९९९ पर्यंत ते आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची जत्रा भरते, आसपासच्या राज्यांतूनही लोक येतात. कोंडून ठेवलेल्या गोंडांना त्यांचा आदिगुरू लिंगो याने सोडवले ती इथलीच गुहा, असे परंपरा सांगते. लिंगोचे हे लांबलचक गीत गोंडांचे गायक परधान गात आले. ते गोंडीत ऐकून कागदावर उतरवून घेणाऱ्या पहिल्या काही माणसांत हिस्लॉप आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापली. लिंगोगीताच्या जुन्यात जुन्या छापील नोंदींपैकी ती एक. गोंडी धर्माचा आज नव्याने अभ्यास करणाऱ्यांना या नोंदीला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

म्हणजे ज्या धर्माला हिस्लॉप खोटा मानत होते, त्याच धर्माचा एक महत्त्वाचा कागद त्यांनी मागे ठेवला. हे कसे काय झाले असेल?

आधी त्यांची श्रद्धा स्पष्ट सांगायला हवी, तिला गुळगुळीत करून चालणार नाही. ख्रिस्ती धर्मातल्या ज्या प्रवाहाला इव्हँजेलिकल म्हणतात, त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बायबल हाच अंतिम आधार, क्रुसावरचे येशूचे मरण हाच तारणाचा मार्ग, जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही तर प्रत्येकाने स्वतः वळले पाहिजे, आणि ज्याला हे कळले त्याने ते दुसऱ्याला सांगितलेच पाहिजे. यातले शेवटचे कलम इतरांना टोचते. ‘तुमचा धर्म तुम्हाला, आमचा आम्हाला’ हे समंजस वाक्य इव्हँजेलिकल माणसाला म्हणता येत नाही; तसे म्हटले तर त्याच्या दृष्टीने तो शेजाऱ्याला बुडू देतो. हिस्लॉप याच गोत्राचे. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून चारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. मंडळीचा पाळक कोण असावा हे जमीनदाराने आणि सरकारी न्यायालयाने ठरवू नये, हा त्यांचा आग्रह होता. या फ्री चर्चने हिस्लॉपना पाठवले आणि १८४५ मध्ये ते भोसल्यांच्या नागपुरात पोचले. शाळेत बायबल शिकवायचे, बाजारात उपदेश करायचा, तंबू घेऊन गावोगाव फिरायचे, हा त्यांचा क्रम होता. भंडाऱ्यात स्कॉटिश मिशनचे ठाणे पुढे उभे राहिले ते याच कामातून.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे वाद करण्याची एक शिस्त होती. खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या ताकदीने सांगायचे आणि मग उत्तर द्यायचे. शास्त्रीपंडितांचे राहू द्या, आपल्या झाडीपट्टीतल्या खडी गंमतीत काय असते? कलगीवाला शक्तीला थोर म्हणतो, तुरेवाला शिवाला. मंडईच्या दिवसांत रात्र रात्र सवालजवाब चालतात. समोरच्याचा सवाल ज्याला नीट समजला नाही त्याचा जवाब फुसका जातो, आणि सतरंजीवर बसलेल्या माणसाला ते लगेच कळते. सिद्धांताच्या भांडणाची या मातीला नवलाई नाही. पवनीला मौर्यांच्या काळाइतके जुने बौद्ध स्तूप सापडले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या भागात आले तेव्हा भंडाऱ्याचा नीळभट्ट त्यांच्यामागे निघाला. महानुभावांनी त्याला भांडारेकार म्हणून स्मरणात ठेवले. मत पटले म्हणून घरदार सोडलेला तो आपल्या जिल्ह्यातला एक जुना माणूस. कबीरपंथ आला, महानुभाव टिकले, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आली, १९५६ नंतर गावोगाव बुद्धविहार उभे राहिले. यातल्या प्रत्येकाने शेजाऱ्याला ‘तुझे चुकते आहे’ असे कधी ना कधी म्हटलेच आहे.

तेव्हा मिशनऱ्यांनी आमच्या धर्मावर टीका केली हे गाऱ्हाणे आमच्या लेखी मोठे नाही. त्यांनी पूर्वपक्ष नीट मांडला का, एवढेच आम्ही विचारू. त्यांच्याही अगोदर स्वतःला विचारू.

मराठी मुलुखात हा सामना पहिल्यांदा रंगला तो मुंबईत. मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये तिथे आले आणि थोड्याच काळात मराठी, संस्कृत, गुजराती शिकून जाहीर वादाला उभे राहिले. १८३१ च्या फेब्रुवारीत त्यांच्यासमोर मोरभट दांडेकर आले. वाद तोंडी संपला नाही. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ छापली, विल्सननी १८३२ मध्ये तिला पुस्तकाने उत्तर दिले. पारश्यांच्या धर्मग्रंथांशी झुंजायचे म्हणून विल्सननी त्यांच्या भाषांचा अभ्यास केला आणि १८४३ मध्ये त्या धर्मावर जाडजूड ग्रंथ काढला. एवढे श्रम आज कोणता टीकाकार घेतो? पण श्रम म्हणजे न्याय नव्हे. पुराणांतल्या कृष्णकथा घेऊन त्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी ताडून पाहायच्या, हा त्यांचा खाक्या होता. आपल्याकडचे उत्तम आणि समोरच्याकडचे सोयीचे एका तराजूत टाकले की निकाल आधीच लागलेला असतो. दांडेकर आणि त्यांच्यामागून आलेले उत्तरकर्तेही कमी नव्हते. त्यांनी बायबलमधल्या अडचणीच्या गोष्टी अशाच वेचून काढल्या.

तरीही हे दोन्ही बाजूंचे छापील युद्ध वाया गेले नाही. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी ब्राह्मणी ग्रंथांवरची ही टीका उचलली, तिला स्वतःची धार लावली, आणि बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. त्यांनी स्वतःचा सार्वजनिक सत्यधर्म सांगितला. वाद उघड्यावर झाला की त्याचा उपयोग कोण कशासाठी करील, हे वाद घालणाऱ्यांच्या हाती राहत नाही.

१८५७ च्या पूर्वार्धात गिरगावच्या समुद्रकिनारी आणखी एक सामना झाला. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबावा ब्रह्मचारी, दर गुरुवारी संध्याकाळी तिथे मिशनऱ्यांशी वाद घालू लागले. गर्दी लोटायची. मिशनऱ्यांकडून पुढे असत जॉर्ज बोवेन. मिशनचा पगार नाकारून गरीब वस्तीत राहणारा हा अमेरिकन माणूस मुंबईच्या लोकांच्या कुतूहलाचा विषय होता. बोवेननी हे वादविवाद इंग्रजीत छापले. वृत्तान्त एका पक्षाचा, तेव्हा झुकते माप असणारच, पण प्रतिपक्षाचे बोलणे त्यात आले आहे. विष्णुबावांनीही ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहून आपली बाजू छापली. त्या दिवसांत उत्तर भारतात काय पेटले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या काळात मुंबईच्या वाळूवर एक संन्यासी राज्यकर्त्यांच्या धर्माला भर सभेत खोटे ठरवत होता आणि त्या धर्माचे उपदेशक त्याला उत्तरे देत होते.

या साऱ्याला काळी बाजू होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. वादात हरणाऱ्याची फक्त लाज जायची. घरातला मुलगा बाप्तिस्मा घेऊन बसला की मात्र आईबापांचे घर मोडायचे. १८३९ मध्ये दोन पारशी तरुण विल्सनकडे ख्रिस्ती झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि शाळेतली मुले पालकांनी भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी धर्म बदलला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केले. मग प्रश्न आला, त्याला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर ‘घ्या’ म्हणाले म्हणून त्यांच्यावरच बहिष्काराची पाळी आली. मिशनऱ्यांनी त्या आईबापांच्या दुःखाकडे पुरेसे पाहिले नाही, हे आमचे मत आहे. तारणाच्या हिशेबात घराचे अश्रू त्यांनी कधी मोजले नाहीत. आणि त्या मुलाला दारात उभे न करणाऱ्या आपल्या शास्त्र्यांनी तरी कुठे मोजले?

सर्वांत कठीण पूर्वपक्ष मांडला तो अशा माणसाने, ज्याचा तो एके काळी स्वतःचा पक्ष होता. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे तरुणपणी मिशनऱ्यांना हरवायला निघाले होते. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू मतावर हल्ला केला, तेव्हा गोऱ्ह्यांनी संस्कृतातच ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिले. हरवायचे म्हणून बायबल वाचता वाचता ते अडकले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. त्यात सांख्य, न्याय, वेदांत यांचे जे निरूपण आहे ते कोणा परक्याने खिडकीतून डोकावून केलेले नाही. ही दर्शने गुरूपाशी बसून शिकलेल्या माणसाचे ते आहे. त्यांचे निष्कर्ष नाकारणाऱ्यालाही ते पुस्तक वाचताना सावध बसावे लागते. पुढे त्यांनी ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाशीही वाद घातला. तिथे त्यांना एक नवाच प्रतिपक्ष भेटला, जो मूर्ती मानत नव्हता, देव एकच मानत होता, आणि तरीही येशूला देव म्हणायला तयार नव्हता. मूर्तिपूजेवरची सगळी ठरलेली वाक्ये तिथे निकामी होत.

पंडिता रमाबाईंचे मन वळवण्यात याच गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा हात होता. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि मग जो वाद सुरू झाला तो ख्रिस्ती लोकांतलाच. त्र्यैक्याचा सिद्धांत, येशूचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार, सगळ्यावर त्यांनी आपल्या शिक्षिका सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून प्रश्न विचारले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान काढली ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला नव्हे, हा त्यांचा पवित्रा होता. या पत्रांत कधी कधी शिक्षिकेपेक्षा विद्यार्थिनी मोठी दिसते. पुढे रमाबाई स्वतःच पक्क्या इव्हँजेलिकल झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले. दुसऱ्याचे शब्द उसने घेऊन श्रद्धा सांगायची नाही, हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आणि टिळक. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगताना आपण नाशिक, अहमदनगर, मुंबई म्हणतो. पण त्या गोष्टीतला निर्णायक प्रवास आपल्या रुळांवरचा आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आजही भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड अशीच जाते. १८९३ च्या सुमारास टिळक त्या गाडीत होते, आणि डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. तो फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड असावा, असे अभ्यासक मानतात. दोघांत बोलणे निघाले ते कवितेवरून. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि म्हणाला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते खुळेपणाचे वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैनगंगेचा पूल ओलांडताना डब्यात काय बोलणे चालले होते, कोण जाणे. आम्हाला एवढेच दिसते की तिथे खंडन नव्हते. एक माणूस दुसऱ्याच्या कवितेत रमला होता.

टिळकांनी मग मिशनऱ्यांना अवघड वाटेल असे काम केले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. जो धर्म सोडला त्याला त्यांनी अंधार म्हटले नाही, वाट म्हटले. अभंग, ओवी, कीर्तन, भजन हे सारे त्यांनी देवळातून उचलून चर्चमध्ये आणले. आज विदर्भातल्या कुठल्याही मराठी मंडळीत रविवारी टाळ वाजतो तो त्यांच्यामुळे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. इव्हँजेलिकल शिस्तीच्या माणसाला हे पचणे अवघड, कारण आत कोण आणि बाहेर कोण ही रेघच पुसट होते. टिळक १९१९ च्या मेमध्ये गेले आणि दरबार फार टिकला नाही. रेघ पुन्हा ठळक झाली.

इतिहास इथवर आणला तो यासाठी की आजच्या सुवार्तिकाशी आम्हाला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. आपल्या भागातल्या खेड्यांत तो कोणाकडे जातो? बहुतेक वेळा आजारी माणसाच्या घरी. प्रार्थना करतो, धीर देतो, दारू सोडायला सांगतो, फोटो आणि मूर्ती काढायला सांगतो. त्या घरातला माणूस समजा परमात्मा एकचा सेवक असेल. नागपूरच्या बाबा जुमदेवजींनी दिलेली चार तत्त्वे, तीन शब्द आणि पाच नियम तो पाळतो. देव एकच मानतो, अंधश्रद्धा सोडली आहे, दारूला शिवत नाही, चर्चा बैठकीला जातो. मूर्तिपूजेवरची पत्रिका या माणसाच्या हातात देऊन काय उपयोग? शेजारच्या घरात बौद्ध कुटुंब आहे. त्यांना देवच नको आहे, तेव्हा ‘खरा देव कोणता’ हा प्रश्न त्यांच्या दारात उभाच राहत नाही. पलीकडे गोंड घर आहे, त्यांचा बडादेव कोणत्याच छापील पत्रिकेत सापडणार नाही. पत्रिका दूर कुठेतरी लिहिलेली असते आणि तिच्या मनातला ‘मूर्तिपूजक हिंदू’ एकोडीत शोधून भेटत नाही.

या चुकीची मोठी किंमत चर्चने एकदा मोजलीही आहे. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांनी त्यांच्याभोवती येरझारा घातल्या. अमेरिकन मेथडिस्ट बिशपांना मोठी आशा वाटू लागली होती. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा पूर्वपक्ष मन लावून अभ्यासला. येशूबद्दल त्यांच्या मनात आदर होता आणि १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर त्यांनी तो बोलून दाखवला. पण त्याच लोकांना त्यांनी खडसावलेही: तुमच्या चर्चमध्ये जात तशीच आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरच्या त्यांच्या निबंधातही हा हिशेब आहे. मिशन किती माणसे येतील ते मोजत बसले, आणि त्यांना समोर बसलेल्या माणसाचा प्रश्न ऐकू आला नाही. त्याचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात मिळाले. आपल्या जिल्ह्यातून किती बैलगाड्या आणि किती पाय त्या दिवशी नागपूरकडे वळले, ते घराघरांतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले आहे.

इव्हँजेलिकल लोकांच्या स्वतःच्या कागदपत्रांतही ऐकण्याचे हे कलम आहे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे जगभरचे इव्हँजेलिकल जमले आणि त्यांनी एक करारनामा मंजूर केला. ख्रिस्त सगळ्याच धर्मांतून सारखाच बोलतो असे गृहीत धरणारा संवाद त्यांनी साफ नाकारला. पण समजून घेण्यासाठी संवेदनशीलपणे ऐकणे हे सुवार्तेच्या कामाला अत्यावश्यक आहे, असेही त्यातच लिहून ठेवले. पहिले कलम सर्वांच्या तोंडी असते, दुसरे कागदावर राहिले. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही देशातल्या प्रमुख इव्हँजेलिकल संस्थांपैकी एक. तिचा जन्म आपल्या विदर्भातला. अशा संस्थेतून पाळक होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाने लीळाचरित्र वाचावे, परधानाकडून लिंगो ऐकावा, चर्चा बैठकीत मागे बसून पाहावे, एवढी अपेक्षा फार नाही. हिस्लॉपनी गोंडी ऐकली म्हणून त्यांची श्रद्धा पातळ झाली नव्हती.

आणि जे प्रार्थना सभा उधळायला निघतात त्यांनाही हेच विचारायचे आहे. मत्तयाचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचून होते. ते वाचले आहे का? मोरभट दांडेकरांनी वाचले होते, विष्णुबावांनी वाचले होते. त्यांच्या हातात पुस्तक होते, काठी नव्हती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. एवढ्याशा लोकांना उत्तर द्यायला पोलीस लागत असतील तर आपल्या शास्त्रार्थाला काय झाले आहे, ते शोधले पाहिजे. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर त्यासाठी कायदा आजही आहे आणि तो जरूर वापरावा. आमचे म्हणणे मतांपुरते आहे.

मतांचा बंदोबस्त सरकारने करावा ही कल्पनाही आपल्याकडचीच. भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपुरात होती तेव्हाची गोष्ट. १९५४ मध्ये त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समितीत एकच ख्रिस्ती सदस्य होता, वर्ध्याचे गांधीवादी प्राध्यापक एस. के. जॉर्ज. ९९ प्रश्नांची प्रश्नावली निघाली, समिती जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडली, ११,३६० लोकांशी बोलली. १९५६ मध्ये अहवाल आला. मिशनच्या पैशाबद्दल, शाळा-दवाखान्यांतून येणाऱ्या दबावाबद्दल त्यात जे आहे ते सगळेच फेटाळण्यासारखे नाही. काही साक्षी वाचवत नाहीत. पण शिफारशींत एक अशी होती की धर्मप्रचाराचे साहित्य राज्य सरकारच्या संमतीवाचून वाटू देऊ नये. हा नियम १८३१ मध्ये असता तर विल्सनांचे पुस्तक निघाले नसते, आणि दांडेकरांचेही नसते. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ आणि ‘षड्दर्शनदर्पण’ दोन्ही एखाद्या कारकुनाच्या टेबलावर पडून राहिली असती. पाळक नेमण्यातही सरकारी हात नको म्हणून चर्च सोडणाऱ्यांच्या वंशजांना यातला विनोद कळला असेल.

अहवालाचा वारसा पुढे चालला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य कायदा केला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे असते. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये अशा कायद्यासाठी समिती नेमली गेली. या कायद्यांच्या बाजूने बोलणारे नियोगी अहवालाचे नाव आदराने घेतात, आणि तो आदर त्यांनी जरूर ठेवावा. फक्त अहवालाचे साल आणि त्या सालचा ऑक्टोबर महिना एकत्र वाचावा. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्या दिवसांत बुद्धाला शरण गेलेल्या नामवंतांत एक नाव निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांचे होते. धर्म बदलण्याआधी त्यांना साठ दिवसांची नोटीस कोणाला द्यावी लागली नाही.